पान एकशे बारा

शाळेच्या पुस्तकाचं भाषांतर, पान एकशे बारा.
तीन चित्रं आहेत.
शंकू बुडावर बसलेला,
शंकू कुशीवर लोळलेला,
शंकू टोकावर उभा.
पहिल्या दोघांना मराठी मिळालं जेवणाआधीच.
तिसऱ्यापाशी मी सोमवारपासून बसून आहे.

कोशात शब्द आहे: अस्थिर समतोल.
चूक काही नाही त्यात.
पण अस्थिर म्हटलं की मला दिसतं
डेक्कनच्या उडप्याकडचं, पायाखाली पुठ्ठा घातलेलं टेबल,
किंवा नळस्टॉपला वळताना
गाद्यांनी लादलेला टेम्पो,
म्हणजे हलणारं, लटपटणारं काहीतरी.
आणि हा तर हलत नाहीये.
ढिम्म उभा आहे.
सगळी बलं एकमेकांची देणी फेडून मोकळी,
बेरीज शून्य.

इंग्रजी शब्द आत्ताबद्दल बोलतच नाही.
तो एवढंच म्हणतो की बोट लावून बघ,
मग हा परत येणार नाही.
त्या शब्दाच्या पोटात एक 'जर' आहे.
तो मी कुठे ठेवू?

'तकलादू' लिहिलं, खोडलं. ते खोक्यांना.
'अधांतरी' आवडला होता,
पण अधांतरी असलेल्याला टेकायला टोकही नसतं.
'जैसे थे' शिवाजीनगर कोर्टात चालतं,
दोन तारखांच्या मधल्या काळात.
तिकडे तो शब्द कशालाही लावतात:
तहाला, सरकारला, कांद्याच्या भावाला,
परवा एका लेखात लग्नाला.

शेवटी खिलारेमामांना फोन केला.
आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं होते,
आता धायरीला मुलीकडे.
दर वर्षी पहिल्या तासाला
सागवानी शंकू टोकावर उभा करायचे ते,
आणि साठ पोरं श्वास घ्यायची विसरायची.
"कसं जमायचं हो मामा?"
बराच वेळ कुकरची शिट्टीच ऐकू आली.
मग म्हणाले, "आता सांगायला काय हरकत.
टोक घासलं होतं मी. कानसीनं. इतकुसंच.
मागच्या बाकावरनं टोकच दिसायचं.
उभं राहायचं तर
तेवढी तरी जागा लागतेच की, बाई."

म्हणजे ज्यावर मी भौतिकशास्त्र घेतलं
तो शंकू खोटा होता.
मला राग यायला हवा होता.

डहाणूकर कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर,
फेब्रुवारीपासून मुकुल बाहेरच्या खोलीत झोपतो.
भांडण नाही.
दूध तो आणतो, गॅसचा नंबर मी लावते.
वीजबिल निम्मंनिम्मं, पैशांपर्यंत.
शेजारच्या परचुरेबाई म्हणतात,
तुमच्याकडून कधी आवाज येत नाही हो.
येत नाही.
आम्ही दारातून जाताना एकमेकांना वाट देतो,
पाहुण्यांसारखी,
कोपर लागू नये म्हणून.

गेल्या रविवारी मात्र
माझा चष्मा सापडेना, तर त्यानं न बोलता
फ्रिजवरून काढून पुढे ठेवला.
काचा पुसलेल्या होत्या.
मी थँक्यू म्हणाले, मराठीत म्हणतात तसं, खाली बघत.
ते टोक घासणं होतं
की बोट लावणं,
कळायला मार्ग नाही. पुस्तकात उत्तरं
फक्त विषम प्रश्नांची दिलीत.

संज्ञा कोशातलीच ठेवली.
खाली बारीक टाइपात टीप घातली:
येथे अस्थिर म्हणजे हलणारे नव्हे.
जागा नाही म्हणून संपादक ती काढतील,
बहुतेक काढतीलच.

साडेआठ. लॅचमध्ये किल्ली फिरतेय.
पेन्सिल टेबलावर टोकावर उभी करून
मी तिच्यावर एक बोट ठेवलंय,
वरून, हलकंच.
चप्पल काढल्याचा आवाज. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरी.
"जेवलीस?" तो विचारतो.
आठवड्यातला हा पहिला प्रश्न.

बोट अजून तिथेच आहे.